पळते किती ते कळलं, थांबते कशी?

वर्षातून दोन-तीनदा तरी पेपरात ती बातमी येतेच. कुठल्यातरी तालुक्याच्या गावच्या पोराने भंगारातून मोटरची सायकल बनवली. सोबत फोटो, फोटोत पोरगा, पोराच्या शेजारी कौतुकाने बघणारे सरपंच किंवा प्राचार्य. खाली ठरलेला मजकूर: खर्च इतके हजार, एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर, ताशी वेग ४५. शेवटी 'शासनाने दखल घ्यावी'. मी या बातम्या आवडीने वाचतो, कारण मी त्याच जातकुळीतला. पण आजवर वाचलेल्या एकाही बातमीत ती सायकल थांबते किती अंतरात, हे लिहिलेलं मला दिसलेलं नाही. बातमीदार विचारत नाही, सरपंच विचारत नाहीत, आणि खरं सांगायचं तर बनवणाऱ्यानेही बहुतेक मोजलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. घरी मोटरची सायकल जरूर बनवा. पण २५० वॅटच्या वर जाऊ नका, आणि मोटरच्या आधी ब्रेकवर पैसे घाला. कायदा म्हणतो म्हणून नाही (कायद्याबद्दल माझी वेगळी तक्रार आहे, ती पुढे). गणित म्हणतं म्हणून.

पण आधी थोडा इतिहास, कारण 'हे काय खूळ' असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तो बरा पडतो. १९४६ साली जपानमध्ये सोइचिरो होंडा नावाच्या माणसाने लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठी बनवलेली, युद्धानंतर पडून राहिलेली छोटी जनरेटर इंजिनं घेतली आणि सायकलींना जोडली. पहिल्या सायकलीला पेट्रोलची टाकी म्हणून चक्क शेकायची गरम पाण्याची बाटली होती म्हणतात. १९५२ मध्ये त्याच कंपनीने सायकलला लावायचं 'कब एफ' इंजिन काढलं आणि देशभरातल्या सायकल दुकानदारांना पत्रं पाठवून विकलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये व्हेलोसोलेक्स जोरात होती. पुढच्या चाकावर ४९ सीसीचं इंजिन, आणि त्याचा रोलर सरळ टायरवर दाबलेला. पाऊस पडला की रोलर घसरायचा, तरी लोक १९४६ पासून १९८८ पर्यंत ती घेत राहिले. आणि आपली लूना! पियाजिओच्या 'चाव'वरून बेतलेली, १९७२ ची, ५० सीसीची, पायडल असलेली. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या वडिलांची पहिली गाडी तीच. चढावर पायडल मारून तिला मदत करायची, यात कुणाला कमीपणा वाटत नसे. २०२४ मध्ये ती विजेवर परत आली, पण पायडलशिवाय. मला त्याचं जरा वाईट वाटलं. असो.

आता माझी सायकल. कोथरूडहून बाणेरला जायचं, एका बाजूने साडेनऊ किलोमीटर, वाटेत पाषाणच्या बाजूचे चढउतार. तयार ई-सायकल बाजारात मिळते, मला माहीत आहे. पण दिवसभर स्क्रीनवर असलं काहीतरी बनवायचं की जे हातात धरता येत नाही, आणि शनिवारी पुन्हा पडद्यासमोरच बसायचं, हे काही जमेना. म्हणून एक जुनी २६ इंची, लोखंडी फ्रेमची गिअरची सायकल घेतली आणि गॅलरीत उभी केली.

पहिली आवृत्ती सगळे करतात तशीच. २४ व्होल्टची, २५० वॅटची ब्रशवाली गिअर मोटर, चेनने मागच्या चाकाला जोडलेली. यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पियर-तासाच्या दोन बॅटऱ्या कॅरियरवर. कागदावर गुणाकार केला तर १६८ वॅट-तास. पण बॅटरीवर लिहिलेले ७ अ‍ॅम्पियर-तास हे वीस तास हळूहळू वीज काढली तर. तासाभरात उपसली तर चारेक मिळतात. (याला पॉइकर्टचा नियम म्हणतात. १८९७ सालचा आहे, पण यूपीएसवाले अजून कुणाला सांगत नाहीत.) म्हणजे हातात शंभर वॅट-तास आणि दहाएक किलोमीटर. त्यात पाच किलो वजन मागे, उंचावर. चढावर हँडल हलकं लागतं आणि वळताना सायकल आपल्या आधी वळायला बघते. लेड-अ‍ॅसिडची ही स्वस्ताई महिनाभर शिकायला ठीक, त्यापुढे तिच्यात काही अर्थ नाही.

या आवृत्तीवरच मी मोजमापाला बसलो. आमच्या सोसायटीच्या मागे एक सपाट, बंद रस्ता आहे. रविवारी सकाळी खडूने रेघ मारायची, स्पीडोमीटरवर २५ दिसलं की रेघेवर ब्रेक दाबायचा, मग टेपने मोजायचं. वॉचमनकाका आधी संशयाने बघत होते, नंतर टेपचं दुसरं टोक धरायला लागले. स्टीलच्या रिमवर, साध्या ब्रेकने, कोरड्यात सरासरी आठ मीटर. मग बादलीभर पाणी रिमवर ओतून तेच केलं, तर एकोणीस मीटर! क्रोमच्या स्टील रिमवर पाणी पडलं की रबराची पकड जवळजवळ जाते, हे कुठल्याही सायकलवाल्याला तोंडपाठ असतं. पण आकडा समोर आल्यावर ते वेगळंच वाटतं. एकोणीस मीटर म्हणजे चार मोटारगाड्या एकामागे एक उभ्या करा. आणि यात 'अरे बापरे' म्हणून ब्रेकपर्यंत बोट जायला लागणारा सेकंद धरलेलाच नाही. त्या सेकंदात आणखी सात मीटर जातात.

त्यानंतर मी मोटरला हात लावला नाही. दोन्ही चाकांना अ‍ॅल्युमिनियमच्या रिम घातल्या, मिस्त्रीकडून आउट काढून घेतला, व्ही-ब्रेक आणि बरे पॅड लावले. कोरड्यात सहा मीटर, ओल्यात नऊ. या सायकलीवर मी पैसे घालून मिळवलेली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि हिच्यात एकही वायर नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकण्यासारखी तर मुळीच नाही.

आता ते गणित. शंभर किलो (मी, सायकल, डबा, लॅपटॉप), सरळ बसून चालवणारा माणूस, सपाट रस्ता, वारा नाही. २५ च्या वेगाला टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून चाकाला साधारण १७० वॅट लागतात. ४० च्या वेगाला? ५६० च्या आसपास. वेग दीडपटीपेक्षा थोडा जास्त आणि ताकद तिपटीहून जास्त, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. बॅटरीचंही तेच. मोटरची गळती धरून २५ ला किलोमीटरमागे नऊएक वॅट-तास जातात, ४० ला एकोणीस. म्हणजे तीच बॅटरी निम्मं अंतर जाते. आणि थांबताना ब्रेकला जिरवायची ऊर्जा अडीचपट. ब्रेक तोच, चिमटा तोच, वेल्डिंग तेच. सायकलची फ्रेम बनवणाऱ्याने ती पायांच्या ताकदीसाठी बनवलेली असते. रोज तासभर सलग ४० ने खड्ड्यांतून जाण्यासाठी नाही. पुण्यातल्या खड्ड्यांतून तर नाहीच नाही.

'पण चढ?' हा हमखास येणारा प्रश्न. पाच टक्क्यांचा चढ, ताशी १५, लागतात २६० वॅट. मोटरचे दोनशे आणि तुमचे साठ. साठ वॅट म्हणजे गप्पा मारत मारायचं पायडल. ज्याला पायडल मारायचंच नाही त्याने स्कूटर घ्यावी, त्यात काही वाईट नाही. पण मग सायकलला उगाच स्कूटर व्हायला लावू नये.

पुढच्या आवृत्त्या भराभर सांगतो. चेनची मोटर काढून मागच्या चाकात ३६ व्होल्टची गिअरवाली हब मोटर आली. आवाज गेला, चेन उतरणं गेलं. हब मोटरचं एकच दुखणं, ती चाक जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने स्वतःचा अ‍ॅक्सल उलटा फिरवायला बघते. अ‍ॅक्सल फ्रेमच्या खाचेत फक्त दोन चपट्या बाजूंवर टेकलेला असतो. नट सैल झाला की खाच पसरते आणि अ‍ॅक्सल गरकन फिरून वायर पिळून तोडतो, नाहीतर चाकच बाहेर येतं. म्हणून टॉर्क आर्म लावतात. अ‍ॅक्सलमध्ये घट्ट बसणारी जाड स्टीलची पट्टी, तिचं दुसरं टोक फ्रेमला बांधलेलं. तो मी फॅब्रिकेशनवाल्याकडून सहा मिलिमीटरच्या पट्टीतून कापून घेतला. पुढच्या चाकात मोटर लावायची असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, आणि चिमटा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर लावूच नका. लोखंडाची खाच आधी वाकते, अ‍ॅल्युमिनियमची सरळ तुटते, आणि पुढचं चाक निघालं तर काय होतं ते सांगायला नको.

मग वायरी. आमच्या धंद्यात एक सवय लागते, प्रत्येक गोष्टीला 'हे बिघडलं तर कुठल्या बाजूला बिघडेल?' असं विचारायची. थ्रॉटलच्या मुठीत हॉल सेन्सर असतो आणि त्याला तीन वायरी, पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. अर्थची वायर तुटली तर सिग्नल शून्यावर जात नाही, उलटा वर चढतो. कंट्रोलरला वाटतं स्वारांनी मूठ पूर्ण पिळली! बऱ्या कंट्रोलरमध्ये यावर तोड असते, व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की मोटर बंद. स्वस्तातल्यांत असेलच असं नाही. सायकल स्टँडवर, चाक हवेत, आणि अर्थची वायर मुद्दाम काढून बघायची, ही दोन मिनिटांची चाचणी आहे. मी तीन कंट्रोलर तपासले, त्यांतला एक सुसाट सुटला. तो कचऱ्यात. याच कारणासाठी ब्रेकच्या लिव्हरमध्ये स्विच असलेलेच लिव्हर घ्यावेत, ब्रेकला बोट लागलं की मोटर तोडली पाहिजे. आता तर मी थ्रॉटलच काढून टाकलाय. पायडलच्या आसाशी चुंबकांची चकती आहे, पाय फिरले तरच मोटर चालते. पाय थांबले, मोटर थांबली.

बॅटरीबद्दल मात्र मी भित्रा आहे आणि तसाच राहणार. जुन्या लॅपटॉपच्या सेल काढून पॅक बांधायचा मोह प्रत्येकाला होतो, व्हिडिओही ढीगभर आहेत. प्रत्येक सेलची ताकद वेगळी, म्हातारपण वेगळं. दहा सेल ओळीत जोडल्या की त्यातली सगळ्यात कमजोर सेल आधी रिकामी होते आणि बाकीच्या नऊ तिला ओढत राहतात. वर त्यांना साध्या कावियाने डाग दिला तर उष्णतेने आतलं बिघडतं ते बाहेरून दिसत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी कंपन्यांनी बनवलेल्या स्कूटर पेटल्या, आणि त्याच वर्षी सरकारला बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक करावे लागले. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत त्यांचं हे झालं तर माझ्या गॅलरीचं काय घेऊन बसलात? मी तयार, बीएमएस असलेला, ३६ व्होल्ट १० अ‍ॅम्पियर-तासाचा पॅक विकत घेतला. 'मग घरी बनवलेली कसली?' असं कुणी हिणवलं तर हिणवू दे. चार्जिंग मी जागा असतानाच, आणि दाराच्या, जिन्याच्या वाटेत कधीच नाही. पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते आणि पायडल मारत गेलो तर दोन दिवसांचं जाणं-येणं होतं.

आता कायद्याची तक्रार. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सोय आहे. मोटरची ताकद पाव किलोवॅटच्या आत, वेग २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, बरे ब्रेक, पुढेमागे रिफ्लेक्टर, एवढं असेल तर ते मोटार वाहनच मानत नाहीत. नंबरप्लेट नको, लायसन्स नको. नियम चांगला आहे, समजून लिहिलेला आहे. पण मेख अशी की या अटी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेल्या असाव्या लागतात. हजारो सायकली बनवणाऱ्या कंपनीला हे परवडतं. एकच सायकल बनवणाऱ्या माणसाने काय करायचं? त्याने सगळ्या अटी काटेकोर पाळल्या तरी कागद नाही, आणि शेजारच्याने १००० वॅट लावून ५० ने पळवली तरी त्याच्याकडेही कागद नाही. कायद्याच्या नजरेत दोघे सारखेच. मग नियम पाळण्याचं बक्षीस काय?

आणि हा नुसता कागदाचा प्रश्न नाही. मोटार वाहन ठरलं की तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा, कलम १४६. बिनविम्याच्या गाडीने एखाद्या आजोबांना धडक दिली तर भरपाई चालवणाऱ्याच्या आणि मालकाच्या खिशातून, आणि ती खिशापेक्षा मोठी असू शकते. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या वाहनाची तपासणी करून मान्यता द्यायची वेगळी पद्धत आहे. आपल्याकडे आरटीओत एका अधिकाऱ्याला अर्धा तास लागेल. वजनकाटा, सपाट रस्त्यावर वेग, ओल्या रिमवर थांबायचं अंतर, थ्रॉटलची वायर काढून बघणं, रिफ्लेक्टर. पाच-सातशे रुपये फी घ्या, फ्रेमवर नंबर ठोका. जे नापास होतील त्यांना खुशाल पकडा, मी टाळ्या वाजवीन. आज जे होतं ते असं की अधूनमधून मोहीम निघते, दंड होतो, आणि ब्रेक कुणीच तपासत नाही.

माझ्याविरुद्धचा एक मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. लोक म्हणतात, बाकी सगळे ४० ने जात असताना २५ ने जाणाराच जास्त धोक्यात असतो, मागून येणारा त्याला उडवतो. यात तथ्य आहे. पाषाणच्या रस्त्यावर मागून पीएमटी येते तेव्हा मलाही वाटतं आणखी शंभर वॅट असते तर बरं. (पीएमपीएमएल म्हणायला तोंड वळत नाही अजून.) पण ४० ने जाऊनही बस ६० नेच येते. शर्यत आपण हरणारच आहोत, फक्त जास्त वेगात हरणार. माझ्यापुरता उपाय म्हणजे पाच मिनिटं जास्त लागली तरी आतल्या गल्ल्या, आणि मागे दिवसासुद्धा चालू असलेला लाल दिवा.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा. सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात त्याने व्हिडिओ पाठवला. आजोबांची, म्हणजे माझ्या ताईच्या सासऱ्यांची, चोवीस इंची काळी सायकल आणि तिच्यासाठी निवडून ठेवलेला ४८ व्होल्ट १००० वॅटचा किट. 'मामा, फक्त साडेआठ हजार कमी पडतायत.' ती सायकल मी पाहिलीय. रॉडचे ब्रेक, स्टीलची रिम, ब्रेकची रबरं बहुधा आजोबा रिटायर झाले तेव्हाची. पोरगा हुशार आहे, वेल्डिंग माझ्यापेक्षा चांगलं करतो. मी फोनवर विचारलं, "अरे, थांबणार कशी?" तर म्हणाला, "मामा, मी जपून चालवीन ना!" ताईने मागून ओरडून सांगितलं, "तू त्याला अजिबात पैसे देऊ नकोस." दोघांचंही पूर्ण ऐकायचं नाही असं मी ठरवलं. नाही म्हटलं तर तो मित्रांकडून उसने घेऊन तेच करणार, हे मला त्या वयातल्या पोरांबद्दल पक्कं ठाऊक आहे.

शुक्रवारी त्याला तीन हजार पाठवले. पुढचा चिमटा आणि चाक बदलून अ‍ॅल्युमिनियमची रिम, व्ही-ब्रेक, मोटर तोडणारे लिव्हर आणि रिफ्लेक्टर, एवढ्यासाठी. मोटरच्या आधी खडूची रेघ, टेप आणि बादली, कोरड्यात पाच वेळा, ओल्यात पाच वेळा, आकडे मला व्हॉट्सअ‍ॅपवर. ते आले आणि किट २५० वॅटचा असेल तर उरलेले साडेपाच हजार. १००० चाच हवा असेल तर त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावा आणि आजोबांना विचारून घ्यावा, सायकल त्यांची आहे.

काल रात्री त्याचं उत्तर आलं. 'ओल्यात म्हणजे किती पाणी ओतायचं?'

एक बादली, असं कळवलंय.